धुतलेल्या मिठाचं घर

मी गाव सोडलं त्या दिवशी तुमसरची एसटी नेहमीसारखी उशिरा आली, म्हणून पाहाले लोक भरपूर जमले. वेळेवर आली असती तर गावकऱ्यांनो, तुमची तेवढी करमणूक हुकली असती. माझ्या हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर तांदळाचं चुंगडं, आणि बाजूले रेखा. माझी एकुलती एक लेक. सातवा महिना सरत आलेला, एक हात कंबरेवर, दुसऱ्या हातात दवाखान्याची फाईल. पहिल्या बाळंतपणाले पोरगी माहेरी येते. माझी पोरगी माहेराहून परत चालली होती, भरल्या पोटी, आणि बाप तिच्यासंग चालला होता. असं तुम्ही कधी पाहिलं नव्हतं, म्हणून डोळे फाडून पाहत होते.

"काय सदाभाऊ, कोठी चाल्ले?" पानठेल्यावरून कोणीतरी हाक मारली.

"पुण्याले."

"कायले?"

"मिठासाठी."

अशी खिदळली सारी मंडळी! "मिठासाठी पुण्याले? मंग साखरेसाठी कोठी जासान गा, लंडनले?"

तेव्हा मी काही बोललो नाही, कारण बस आली होती आणि पेटी वर चढवायची होती. आता बोलतो. माझं वय झालं. गावातल्या मूर्खपणावर बोलाले मले आता कोणाची परवानगी लागत नाही. जे गावात राहिले त्यांच्यासाठी लिहून राहिलो, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, नागपूर, रायपूर, सुरत, पुणे, त्यांच्यासाठीही. बाहेर पडलेले लोक शहाणे झाले असं मले काही दिसलं नाही. त्यांचंही पुढं येतेच.

माझा मोठा भाऊ, दादा, थांब्यावर आला होता. हात मागं बांधून उभा, जसा तो धानाच्या बांधीवर उभा राहतो. बस हलता हलता म्हणाला, "मिठापायी घर फोडतं का रे, सदा?" मी खिडकीतून म्हटलं, "मले काहून विचारतं? वयनीले विचार." वयनी, म्हणजे त्याची बायको, दारापर्यंतही आली नव्हती. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा आमच्या गावात कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं. सदाच्या घरी दुसऱ्या चुलीचं नाव निघालं, तर सिहोऱ्यापर्यंत बातमी.

आता मिठाची गोष्ट सांगतो. गावातल्या लोकायले माहीत आहे, पण त्यांना ती उलटी माहीत आहे.

आमच्या घरी मीठ धुतात. बाजारातून खड्याचं मीठ येते, गोणीतलं, मातकट, त्यात कधी काडी, कधी गोणीचं सूत. वयनी ते बांबूच्या टोपलीत घेते, वरून पाणी सोडते, हातानं हलवते, पुन्हा पाणी सोडते. खालून पडणारं पाणी निवळलं की टोपली उचलते, सुपात पसरून उन्हात ठेवते, आणि वाळलं की चुलीजवळच्या गाडग्यात भरते. गाडग्याले झाकण नाही. धुतलेल्या मिठाचे खडे काचेसारखे चमकतात. आमच्याकडं सोयरीक पाहाले आलेली बाई आधी मिठाचं गाडगं पाहते, मग पोरीचं तोंड. ज्या घरचं मीठ काळं, त्या घरची बाई घाण, असा निकाल लागतो. वयनीचं मीठ साऱ्या गावात पांढरं होतं. रेखाची आई गेली तेव्हा रेखा शाळेत होती, आणि तिले वयनीनंच वाढवलं; रेखा तिले मोठी आई म्हणते. मीठ धुवालेही तिनंच शिकवलं.

रेखाच्या आईच्या गळ्यात गाठ होती. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. ती पदर गळ्याभोवती घेऊन राहायची. बायका म्हणायच्या, "गळा भरला म्हंजे घर भरते." रेखाच्या आधी आमची दोन लेकरं पोटातच गेली. तेव्हाही बायका काहीतरी म्हणायच्याच, त्यांना दर गोष्टीवर काहीतरी म्हणता येते. गळा पाहून कोणी मांत्रिकाचं नाव काढलं, कोणी काळ्या दोऱ्याचं. डॉक्टरचं नाव काढणारा एक माणूस त्या गावात निघाला नाही. आणि तुमच्यातले कितीजण तेव्हा मॅट्रिक पास होते!

तर रेखा सातव्यात माहेरी आली आणि मी तिले तुमसरले दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनं तिले पाणी प्याले सांगितलं. मले वाटलं, पोरगी थकली म्हणून देऊन राहिली. मॅडम तर तिचा गळा पाहत होती. गिळताना गळ्यात काहीतरी वर सरकलं. मले ते ओळखू आलं, कारण तसं सरकताना मी रेखाच्या आईच्या गळ्यात पाहिलं होतं.

रक्त तपासलं. मॅडमनं समजेल असं सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड. तिले आयोडीन लागते. बाई पोटुशी असली की जास्त लागते, कारण पोटातल्या लेकराचा मेंदू आईच्या आयोडीनवर घडते. ते कमी पडलं तर लेकरू पोटात जाऊ शकते, नाहीतर मंद निपजू शकते. आणि बाळ झालं म्हणजे सुटलं असं नाही. दुधातून ते बाळाले जाते, आईच्याच अंगात नसलं तर दुधात कुठून येणार? मी चौथी शिकलो, पण एवढं समजाले पाचवी लागत नाही.

"घरी मीठ कोणतं खाता?" मॅडमनं विचारलं.

रेखा मोठ्या अभिमानानं म्हणाली, "खड्याचं, मॅडम. धुतलेलं. पुण्यालेही मोठी आई तेच बांधून देते."

मॅडमचा पेन थांबला. "धुतलेलं?"

"हो. पानी निवळेपर्यंत."

"म्हणजे त्यात आयोडीन असलं तरी ते तुमच्या अंगणातली माती खाऊन राहिली," मॅडम म्हणाली. खड्याच्या मिठात ते असेलच याचा भरवसा नाही, आणि असलं तर वरवर लागलेलं असते, पाण्यासंग जाते. तिनं थायरॉईडची गोळी दिली, गरोदरपणाची दुसरी गोळी तिच्यात आयोडीन आहे का पाहून दिली, आणि मले बोट दाखवून सांगितलं, "बाबा, आयोडीनचं पुडीचं मीठ घ्या, झाकणाच्या डब्यात ठेवा, भाजी शिजत आली की टाका."

मी पुडी घेऊन घरी आलो.

"हे काय आनलं, भाऊजी?" वयनीनं विचारलं.

"मीठ."

"घरात मीठ नाही का?"

"हे आयोडीनचं आहे. रेखासाठी. मॅडमनं सांगतलं."

वयनी वाईट बाई नाही. वाईट असती तर पुडी फेकून दिली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. तिनं पुडी घेतली, दातानं फोडली, टोपलीत ओतली, आणि वरून पाणी सोडलं.

बारीक मीठ ते. टोपलीच्या फटीतून सारं खाली. तिनं हलवलं, पुन्हा पाणी सोडलं, आणि टोपलीत पाहते तर बोटाले लागेल एवढं ओलं राहिलेलं. वयनीनं टोपली तशीच अंगणात आणली आणि शेजारणींना हाका मारल्या. "या वो, पाहा पुडीचं मीठ! एक पानी सोसलं नाही! खरं मीठ असतं तं धुतल्यावर उरलं असतं!"

आल्या साऱ्या. एक म्हणे, "चुना असन." दुसरी म्हणे, "पावडर असन वो कसली." तिसरी, जिचं नाव मी लिहीत नाही कारण तिचा पोरगा आता मोठा पुढारी झाला आहे, ती म्हणे, "माझ्या भावाच्या गावी सांगतात, या मिठानं बायाईले लेकरं होत नाही." आणि हे बोलते कोणासमोर? सात महिन्याचं पोट घेऊन उभ्या असलेल्या पोरीसमोर!

"वयनी," मी म्हटलं, "बारीक मीठ पान्यात विरघळते."

"मीठ पान्यात विरघळते हे तुमी मले शिकवता का, भाऊजी? मंग माझं काहून विरघळत नाही?"

साऱ्या बायका हसल्या. याचं उत्तर मले बसमध्ये सुचलं. तिचंही विरघळतच होतं, थोडं थोडं, वरचं वरचं, आणि तेच जाऊ द्यायचं नव्हतं. पण असं उत्तर त्या अंगणात दिलं असतं तरी काय झालं असतं? टोपली घेऊन नाचणाऱ्या बायांपुढं उत्तराले विचारते कोण?

मी नवी पुडी आणली, झाकणाचा डबा आणला, आणि सांगितलं की रेखाची भाजी वेगळी काढा, त्यात मीठ मी टाकीन. वयनीनं दोन दिवस तसं केलं. मग तिनं दुसरी गोष्ट काढली. बाळंतिणीले आमच्याकडं सव्वा महिना अळणी देतात. पेज, भात, तूप, पण मिठाचा खडा नाही. मीठ दिलं तर दूध फाटते म्हणे. "आता डबा आनलाच आहे तं सांगून ठेवतो, भाऊजी. बाळंतपनात मी तुमचा डबा उघडू देनार नाही."

"बाळंतपणातच तर पाहिजे. दुधातून जाते लेकराले."

"माझी तीन लेकरं अळणीवर वाढली. त्याईले काय झालं?"

काय झालं ते मी तिले सांगितलं नाही, कारण तिन्ही समोरच बसले होते आणि त्यातला एक उलटा बनियन घालून होता.

"या चुलीवर दोन मीठ चालत नाही," वयनी शेवटी म्हणाली. "दुसरं मीठ पाहिजे तं दुसरी चूल मांडा."

रागात बोलली, पण बोलली चार लोकांपुढं. एकत्र घरात दुसरी चूल म्हणजे वाटणी. दादा तिथंच बसला होता, नखं कुरतडत. तो एक शब्द बोलला असता तर मी थांबलो असतो. तो बोलला नाही. मग मीही चूल मांडली नाही. माझ्या बापानं ज्या घराची एक चूल ठेवली त्याच्या दोन करणारा मी नाही. पण ज्या चुलीवर माझ्या लेकीच्या लेकरासाठी चिमूटभर मीठ जागा मागते आणि मिळत नाही, तिथं जेवणाराही मी नाही.

जावई प्रकाश पुण्याले कंपनीत. त्याले फोन केला. "रेखाले घेऊन येतो. बाळंतपण मी करतो."

"बाबा, तुम्ही?"

"काहून, मले हात नाही का?"

मॅडमले विचारलं. ती म्हणाली, आता जात असाल तर जा, पुढच्या महिन्यात नाही. म्हणून ती पेटी, ते चुंगडं आणि ती उशिरा आलेली एसटी. तुमसर रोड स्टेशनवरून गाडीत बसलो. रेखा सारा रस्ता रडली नाही. वर्धा गेल्यावर फक्त एवढं म्हणाली, "मोठी आई वाटेचा डबा द्याले तरी येईन असं वाटलं होतं."

आता पुणे. वाघोलीच्या पुढं एक बिल्डिंग, तिच्यात एक खोली, एक किचन आणि ज्याले ते बाल्कनी म्हणतात तो पोपटाचा पिंजरा. पाणी टँकरनं येते. आमच्या गावातली बोडी, म्हणजे लहान तळं, आटली तरी तिच्यात पुण्याच्या टँकरपेक्षा जास्त पाणी असते, आणि तरी इथले लोक आम्हाले मागासलेले म्हणतात. तांदूळ असा चिकट की भात वाढला तर चमच्यासंगच परत येते. लिफ्टमध्ये एक बाई मले म्हणे, "काका, तुम्ही घरी हिंदी बोलता का?" मी म्हटलं, "हे मराठी आहे, बाई. नीट कान देऊन ऐका." त्या दिवसापासून मी जिन्यानं जातो.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक मॅडम होत्या. योगा शिकवतात. भल्या, हसऱ्या, आणि अक्कल म्हणाल तर वयनीच्या टोपलीसारखी, सारं चांगलं खाली सोडून देणारी. पहिल्याच आठवड्यात आमच्या किचनमध्ये आल्या, माझा डबा पाहिला आणि छातीवर हात ठेवला. "काका, पांढरं मीठ? प्रेग्नन्सीमध्ये? हे तर स्लो पॉयझन आहे! केमिकल असतं त्यात." दुसऱ्या दिवशी काचेच्या बरणीत गुलाबी मीठ घेऊन आल्या. डोंगरातलं, नॅचरल, एकदम प्युअर.

मी बरणी उलटीपालटी करून पाहिली. त्यावर डोंगराचं चित्र होतं. आयोडीन कुठं लिहिलेलं नव्हतं.

मी गावात भांडून आलो होतो. मले काय माहीत की इथं घरातच भांडावं लागेल. एक दिवस भाजी घेऊन आलो, वरणाचा गंज उघडा होता, आणि ओट्यावर दोन-चार गुलाबी दाणे सांडलेले. माझा डबा वरच्या फळीवर, तांदळाच्या मागं.

"हे काय, रेखा?"

"बाबा, सगळ्या बाया इथं हेच खातात. शिकलेल्या आहेत त्या."

"तुझ्या मोठ्या आईनं मीठ धुवून टाकलं. तू त्याले रंग लावून टाकतं. फरक काय झाला?"

तशी ती भडकली. "तुमी गावात पुडीसाठी भांडले, आता इथं भांडता! मले इथं राहाचं आहे ना, बाबा! माझं माहेर तं तोडून टाकलं तुमी. आता शेजारही तोडू का?"

माझ्या पोरीनं माझ्यासमोर एवढा आवाज पहिल्यांदा चढवला. मी जेवलो नाही. तीही जेवली नाही. प्रकाश कंपनीतून आला आणि आम्हा दोघायकडं पाहून उभ्या उभ्या बिस्कीट खाऊन झोपला. हा माणूस अशा वेळी कोणाची बाजू घेत नाही, म्हणून सुखी आहे.

पुढच्या तपासणीत रिपोर्ट पाहिजे तेवढा सुधारला नव्हता. इथला डॉक्टर तरणा होता, घाईत बोलणारा. त्यानं गोळी वाढवली आणि रेखाले विचारलं, "मीठ कुठलं?" रेखा माझ्याकडं न पाहता म्हणाली, "गुलाबी." तो म्हणाला, त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं, पाकिटावर लिहिलं असेल तरच घ्या. मी तिथंच छाती काढली. "मी तं सांगूनच राहिलो होतो, डॉक्टर. आता मी वरून चमचाभर जास्तीचं टाकीन."

"नाही, आजोबा! मीठ वाढवायचं नाही. तिचं बीपी वाढवाल. जेवढं खाते तेवढंच, किंबहुना थोडं कमीच, पण आयोडीनचं. दूध, अंडी, मासे खाते का?"

पोरगी हसली. हसू दे. माझा डबा खाली आला, एवढं मले पुरे. योगावाल्या मॅडमना हे कळलं, तर त्या दुसऱ्याच दिवशी समुद्रातल्या शेवाळाच्या गोळ्या घेऊन हजर. "मग हे घ्या, नॅचरल आयोडीन, भरपूर!" डॉक्टरनं त्या बाजूले सारल्या. अति झालं तरी बाळाच्या थायरॉईडले त्रास होते म्हणे. काल ज्या बाईले आयोडीन विष वाटत होतं, ती आज पोतंभर द्याले तयार! आमच्या वयनीचं एक बरं, ती निदान एका मूर्खपणावर टिकून राहते.

पोरगी झाली. रडली बरी, रंगानं बरी. दोन-तीन दिवसांनी नर्सनं तिच्या इवल्याशा टाचेतून रक्त घेतलं, थायरॉईड पाहाले. रिपोर्ट येईपर्यंत मी त्या पोरीच्या नाडीसारखा उडत होतो. दूध पिताना ती झोपली की मले वाटे मंद आहे, झोपली नाही की वाटे काहीतरी बिघडलं. रेखाच्या आईची ती दोन लेकरं, ज्यांचं तोंड मी पाहिलं नाही, ती त्या दिवसांत मले सारखी आठवत होती. कोणाशी बोललो नाही. बोलून काय करता, समोर योगावाल्या मॅडम.

रिपोर्ट चांगला आला. पेढा मी बिल्डिंगमध्ये एकीलेच नेऊन दिला, योगावाल्या मॅडमना, फक्त त्यांचं तोंड पाहाले. त्या म्हणाल्या, "बघितलंत काका, पॉझिटिव्ह एनर्जी!"

बाळंतपण मी केलं. लिहून ठेवतो, कारण गावात अजून कोणी खरं मानत नाही. तुरीचं वरण, मेथी, अंडं, बाजारात मिळाली तर मासोळी. इथली मासोळी बर्फात मेलेली असते, आमच्या बोडीतल्यासारखी उड्या मारत नाही, पण खाल्ली तिनं. मीठ शेवटी, झाकणाच्या डब्यातून, माझ्या हातानं, चिमटीनं. अळणी एक दिवस नाही. प्रकाशचे दोस्त बाळाले पाहाले आले तेव्हा मी पदर खोचल्यासारखा टॉवेल कंबरेले खोचून फोडणी देत होतो. एकानं फोटो काढला. काढ म्हटलं, आपल्या बापाले दाखव.

वयनीचा फोन आला. बारसं झालं तरी नाही, आणि मग एका दुपारी.

"भाऊजी, बाळंतिनीले मीठ देऊन राहिले का?"

"देऊन राहिलो."

"दूध फाटन ना हो!"

पोरगी तेव्हा रेखाच्या पदराखाली होती. मी पाठ फिरवून हात मागं केला आणि रेखाले फोन तिथं धराले सांगितलं. घटाघट पीत होती. तिकडं वयनीनं ते ऐकलं. मग विचारलं, "वरन कोन करते?"

"मी."

"तुमी?" आणि अशी हसली, खोकला लागेपर्यंत. मग म्हणाली, "लसून जाळू नका. तुमी घाईचे आहा."

तिच्या हातच्या अंबाडीच्या भाजीची चव या अख्ख्या पुण्यात कोणाच्या हाताले नाही. हे मी मानतो. चवीनं लेकराचा मेंदू होत नाही, हेही मानतो. दोन्ही गोष्टी एका माणसाले मानता येतात. तुमच्या गावात मात्र एकच गोष्ट मानाची पद्धत आहे, आणि तीही मोठ्यानं.

मी परत गेलो नाही. रेखा नोकरीले लागली, पोरगी माझ्यापाशी राहिली, आणि सहा महिने धरून आलेला माणूस इथंच म्हातारा झाला. नात आता शाळेत जाते. मी "मले" म्हटलं की थांबवते, "आबा, 'मला' म्हणा." मेंदू तेज आहे, जरा कमी तेज असता तरी चाललं असतं. रेखाची गोळी चालू आहे, गळा उतरला आहे. धान कापणीले मी गावी जातो, दादाच्या घरीच उतरतो, वयनीच्या हातचं जेवतो. धुतलेलं मीठ खातो. म्हाताऱ्या माणसाचं त्यानं काय बिघडते? पोटुशीचं बिघडते. वयनीची कंबर वाकली, पण टोपली सुटली नाही. पुण्याहून मी दरवेळी पुडी नेतो. दरवेळी ती गाईच्या आंबोणात जाते. आमच्या गावच्या गाईचं आयोडीन एकदम चांगलं असेल.

परवा एक फोन आला. आवाज दबका.

"काकाजी, मी सोनाली." दादाच्या लहान पोराची, विनोदची, बायको. लग्नाले दोन वर्षं झालीत. माझ्या पानात भाजी वाढण्यापलीकडं ती कधी माझ्याशी बोलली नव्हती.

"बोल, बाई."

"मले पाचवा सुरू आहे. दवाखान्यात थायरॉईड सांगतलं. आयोडीनचं मीठ खा म्हनाले. मी पुडी आनली होती."

"मंग?"

"आईनं धुतली."

मी एवढ्या जोरानं हसलो की नात खोलीतून धावत आली. मग मी हसू आवरलं, कारण तिकडं पोरगी रडून राहिली होती.

"तुझ्या माहेरी जा काही महिने."

"तिकडंही धुतात, काकाजी." नाक ओढल्याचा आवाज आला. "रेखाताईचं तुमी केलं ना? मी तुमच्याकडं येऊ का?"

"विनोद काय म्हनते?"

"ते म्हनतात, बाबाले विचार. बाबा म्हनतात, आईले विचार."

आमचं घर असं आहे. मी म्हटलं, "मी कोणाले विचारत नाही. ये."

संध्याकाळी दादाचा फोन. "आता हिलेही नेतं का, सदा?"

"मी नेत नाही, दादा. तीच येऊन राहिली."

मले वाटलं, आता म्हणेल की घर फोडतं, नाव घालवतं, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, "तिले वरन जरा पातळ लागते." आणि ठेवून दिला. इतक्या वर्षांत माझा भाऊ एक कामाचं वाक्य बोलला, आणि तेही फोनवर.

विनोद तिले रविवारी आणून सोडते. आमच्या दोन खोल्यांत आता पाचवं माणूस कुठं मावते हे प्रकाश विचारून राहिला, म्हणजे बोलत नाही, पण भिंती मोजून राहिला. मी बाल्कनीत झोपीन. तुम्ही सारे म्हणता, सदानं घर सोडलं आणि भाड्याच्या खोलीत पडला आहे. म्हणा. त्या घरात तीन अंगणं आहेत, ढोराचा गोठा आहे, बापाच्या हातचा सागाचा दरवाजा आहे, आणि एक पोटुशी पोरगी तिथं चिमूटभर मिठासाठी चोरून फोन करते. माझ्याकडं हे काही नाही. इथं तिले जे डॉक्टरनं सांगितलं ते तिच्या पानात पडेल, बाळ अंगावर पीत राहील तोपर्यंत पडेल, आणि त्यासाठी तिले कोणाशी भांडावं लागणार नाही. भांडाले मी आहो.